फळ्याची बखर

फळा बिघडू शकतो, ही कल्पनाच आमच्या पिढीतल्या मास्तरांना नवीन. फळ्याला तडा जातो, फळ्याची तिवई मोडते, आणि मोडली की फळा नेमका वर्गातल्या सगळ्यात गरीब पोराच्या अंगावर पडतो, हे सगळं आम्ही पाहिलेलं आहे. पण बिघडतो? बिघडायला मुळात त्यात आहे काय? लाकूड आणि काळा रंग! त्यामुळं सप्टेंबरात रेणापूर भागातल्या एका शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला आणि ते म्हणाले, "सर, फळा चालंना गेलाय," तेव्हा मी सहज विचारलं, "आजवर कुठवर चालत जायचा?"

हेडमास्तर हसले नाहीत. (शाळेचं नाव सांगत नाही. हेडमास्तर माझे एके काळचे विद्यार्थी आहेत आणि त्यांची नोकरी अजून चालू आहे.) सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, चार दिवसांवर आला होता. झेंडावंदन झाल्यावर मुलांना निजामाच्या राज्याची हकिकत सांगायला मला बोलावलं होतं. तीही नुसती तोंडी नव्हे. लोकवर्गणीतून घेतलेल्या स्मार्टबोर्डावर हैदराबाद संस्थानाचा नकाशा उमटणार, मी त्यावर बोट ठेवणार आणि जिथं बोट ठेवीन तिथं खूण होणार, असा थाट होता.

"पण झालंय काय त्याला?" मी विचारलं.

"तेच तर कळंना गेलंय, सर. पेन टेकवायचं एकीकडं तर उमटायलंय दुसरीकडंच. मधूनच आपोआप पानं उलटायलीत. मधला एक पट्टा तर साफ मेलाय. तुमच्याकडं काही तोडगा असला तर बघा."

आपोआप पानं उलटतात म्हटल्यावर यंत्र दुरुस्त करणाऱ्यापेक्षा एखादा मांत्रिकच गाठावा, असं मला वाटलं. पुढं कळलं की यंत्रवाले लोकसुद्धा या रोगाला 'घोस्ट टच', म्हणजे चक्क भुताचा स्पर्श म्हणतात. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण फळ्याचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे, कारण उभा जन्म मी फळ्याकडं तोंड आणि मुलांकडं पाठ करून काढला. तेव्हा वाचकहो, आधी इतिहास ऐका, भुताचं मागाहून बघू.

साठीच्या दशकात मी पहिलीत गेलो, तेव्हा माझं रेणापूर म्हणजे रेणा नदी, रेणुकादेवीचं देऊळ आणि शाळा, एवढंच होतं. शाळेत फळा म्हणजे भिंतीचाच एक चौकोन, काळा केलेला. आमचे गुरुजी निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेले. ते फळ्याला फळा म्हणत नसत, 'तख्ता' म्हणत. पूर्ण नाव 'तख्ता-ए-सियाह'. आपण भिंतीवर पाढ्यांचा जो तक्ता टांगतो, तो याच तख्त्याचा धाकटा भाऊ. "तख्ता साफ!" असा हुकूम सुटला की पाच पोरं उठत आणि एकमेकांचे सदरे साफ करून परत येत.

त्या फळ्याच्याही तक्रारी होत्याच. दारातून ऊन आलं की तो चकाके आणि डाव्या रांगेला 'कमळ' आहे की 'कपाळ' हे दिसत नसे. खडूत खडा निघाला की असा किंचाळे की माळवदावरची कबुतरं उडत. पावसाळ्यात ओल आली की खडू उमटत नसे, आणि उन्हाळ्यात उमटलेला पुसत नसे. पण दुरुस्तीचं खातं आमच्याकडंच होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कोळसा कुटायचा, बॅटरीचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी भुकटी काढायची, कसल्याशा वेलीच्या पानांचा रस पिळायचा आणि फडक्यानं फळ्याला चोपडायचं. रविवारभर फळा वाळे, आम्ही मात्र पुढचा आठवडाभर काळे. घरी मार बसे. पण सोमवारी त्या काळ्याभोर चौकोनावर गुरुजींनी पहिलं पांढरं अक्षर काढलं की आपणच ते काढलं, असं वाटायचं.

फळ्याचा शोध साहेबानं लावला अशी समजूत आहे. एडिंबरोच्या शाळेतले जेम्स पिलन्स नावाचे मास्तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूगोल शिकवायला भिंतीवर मोठी पाटी टांगत आणि रंगीत खडूंनी नकाशे काढत, म्हणून फळ्याचं श्रेय त्यांना देतात. द्यावं, आपलं काय जातं! पण इसवी सन १०३० च्या सुमाराला अल्-बिरूनी हिंदुस्थानाबद्दल लिहून गेला आहे की इथल्या शाळांतून मुलांना काळ्या पाट्या देतात आणि मुलं त्यावर पांढऱ्या पदार्थानं, पाटीच्या लांब बाजूनं, डावीकडून उजवीकडं लिहितात. तो स्वतः उजवीकडून डावीकडं लिहिणारा माणूस. आमची पोरं उलटी लिहितात, याची त्यानं नोंद करून ठेवली.

त्याहून जुनी आमची धूळपाटी. फळीवर धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं. अंकगणिताला आपल्याकडं 'पाटीगणित' म्हणत, ते उगाच नव्हे. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवणारे डॉक्टर अँड्र्यू बेल यांनी इथली पोरं वाळूत बोटानं लिहिताना पाहिली. त्यांनी ती वाळू आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायची रीतही चालू केली, आणि १७९७ साली त्यावर पुस्तक छापून इंग्लंडात नाव कमावलं. म्हणजे बोटानं लिहायचा फळा आमचा, तो गेला विलायतेला, आणि दोनशे वर्षांनी 'टच' असं नाव घेऊन पोत्याभर किमतीला परत आला. जुन्या धूळपाटीला वीज लागत नव्हती. बिघडली तर जरा हलवायची, की पुन्हा कोरी.

आता सरकारी भाग. सरकारला फळ्याची आठवण झाली की ते 'ऑपरेशन' करतं. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना ऑपरेशन नवं नाही. आमचं पहिलं ऑपरेशन १९४८ सालचं, त्याचं नाव 'पोलो'. १३ सप्टेंबरला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं हात टेकले. म्हणजे आठवडासुद्धा लागला नाही. दुसरं 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड'. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ते निघालं आणि १९८७ साली सुरू झालं. मराठीत त्याला खडू-फळा मोहीम म्हणाले. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, निदान दोन शिक्षक आणि फळ्यासकट शिकवायचं साहित्य द्यायचं, असं त्यात होतं. निजाम पाच दिवसांत शरण आला, फळा मात्र वर्षानुवर्षं शरण येत नव्हता.

पण साहित्य आलं, हे मी शपथेवर सांगतो, कारण ते उतरवून घ्यायला मीच होतो. मी तेव्हा एका दोनशिक्षकी शाळेवर होतो. पेटीतून नकाशे निघाले, विज्ञानाचं सामान निघालं, खेळणी निघाली, ढोलकी निघाली, आणि पृथ्वीचा एक सुंदर निळा गोल निघाला. अख्ख्या गावात तेवढं निळं दुसरं काही नव्हतं. मी काय केलं? ते सगळं जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे आपल्या डेड स्टॉक रजिस्टरात, तांबड्या शाईनं ओळी आखून चढवलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

हसू नका. ज्यांनी ते रजिस्टर सांभाळलं आहे, त्यांनाच त्याची दहशत ठाऊक. वस्तू फुटली, तर तपासणीला साहेब विचारणार, "गोल कुठाय?" आणि पगारातून वसुली. वस्तू वापरली नाही, तर कोण विचारतो? उलट 'साहित्य सुस्थितीत' असा शेरा मिळतो. असे तीन शेरे मी मिळवले. तिसरीतली एक मुलगी कपाटाच्या जाळीला नाक लावून रोज विचारायची, "गुरुजी, त्ये निळं कवा काढायचं?" मी म्हणायचो, "काढू, काढू, भूगोल येऊ दे." भूगोल यायच्या आधी दिवाळी आली आणि दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. परत आली नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी निर्लेखनासाठी मी ते कपाट उघडलं, तेव्हा कोंदट हवेनं डिंक सुटून पृथ्वी बरोबर विषुववृत्तावर उकलली होती. रजिस्टरात 'निरुपयोगी' असं लिहून मी सही केली. त्या गोलाला हात लागला तो माझा एकट्याचा. एकदा ठेवताना आणि एकदा टाकताना.

असो. तिसरं ऑपरेशन 'डिजिटल बोर्ड'. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रकाश जावडेकर शिक्षणमंत्री असताना ते दिल्लीहून जाहीर झालं. नावात फक्त 'ब्लॅक'च्या जागी 'डिजिटल' आलं. त्याच्या आधीपासूनच आमच्याकडं गावोगाव वर्गणी करून शाळा 'डिजिटल' व्हायला लागल्या होत्या. सप्ता आणि जत्रा यांच्याबरोबर आता फळ्याचीही पट्टी निघू लागली.

हा नवा फळा मूळचा कॅनडातल्या कॅलगरीचा. डेव्हिड मार्टिन आणि नॅन्सी नोल्टन या नवरा-बायकोनं १९९१ साली पहिला स्मार्टबोर्ड बाजारात आणला. नवरा-बायकोनं मिळून काढलेली वस्तू असल्यामुळं हात लावला की लगेच प्रतिक्रिया येते. पुढं २००७ मध्ये जॉनी ली नावाच्या अमेरिकेतल्या एका तरुणानं व्हिडिओ खेळाचा रिमोट आणि न दिसणाऱ्या उजेडाचं घरगुती पेन यांच्या जोरावर साध्या भिंतीचा असा फळा करून दाखवला आणि त्याची रीत सगळ्यांना फुकट सांगितली. म्हणजे कोळसा आणि पानांचा रस कालवणारी जात जगात सगळीकडं आहे.

इतकी तयारी करून मी सतरा तारखेला शाळेत पोचलो. झेंडावंदन झालं. हेडमास्तरांनी कमरेची किल्ली काढली, खोली उघडली आणि चादर बाजूला केली. खरोखरच फुलाफुलांची चादर होती! आत स्मार्टबोर्ड. चारी बाजूंना चौकट, वरच्या कोपऱ्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक आणि खाली सुकलेला झेंडू. समोर बाकावर प्रोजेक्टर, आणि त्याला उंची यावी म्हणून खाली चौथीचं इतिहासाचं पुस्तक. म्हणजे यंत्राला इतिहासाचा काही आधार होताच.

लॅपटॉप सुरू झाला, प्रोजेक्टर सुरू झाला आणि भिंतीवर निळा उजेड पडून त्यात इंग्रजीत 'नो सिग्नल' उमटलं. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी गंभीर चेहरा केला. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी रांगेतून उठली, लॅपटॉपवरची खिडकीचं चित्र असलेली कळ आणि 'पी' अशा दोन्ही एकदम दाबून तिनं काहीतरी निवडलं, आणि हैदराबाद संस्थान भिंतीवर अवतरलं. ती खाली बसली. जणू काही झालंच नाही.

मी पुढं झालो. "मुलांनो, हे आपलं रेणापूर," असं म्हणून बोट टेकवलं. तांबडा ठिपका उमटला तो बिदरच्याही पलीकडं. वर्ग खिदळला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बिदर म्हैसूरकडं गेलं. राज्य पुनर्रचनेचं ते सगळं काम फळ्यानं एका ठिपक्यात उलटं फिरवलं.

"सर, बाक सरकलाय," ती मुलगी जागेवरूनच म्हणाली. "रोज झाडताना सरकतोय. मग फुल्या दाबाव्या लागतात."

फुल्या म्हणजे काय, ते तिनं करूनच दाखवलं. प्रोजेक्टर जराही हलला की चित्र हलतं, पण फळ्याच्या मनात जुनीच जागा असते. मग फळ्यावर एकामागून एक फुल्या येतात. प्रत्येक फुलीच्या बरोब्बर मधोमध टोक टेकवायचं. घाई केली की पुन्हा बिदर. झाल्यावर फळ्याचं आणि चित्राचं पुन्हा जमतं. मी बाकाच्या पायांभोवती खडूनं गोल काढून ठेवले, म्हणजे बाक हलला तरी जाग्यावर आणता येईल. या सोहळ्यात माझं यांत्रिक योगदान एवढंच.

आता तो मेलेला पट्टा. नकाशावर उभी रेघ ओढली की मध्येच चार बोटं तुटत होती, जशी आमच्या रस्त्यावरची डांबरी. मुलीनं समजावलं ते असं, की चौकटीच्या एका काठात न दिसणाऱ्या उजेडाचे बारीक दिवे असतात आणि समोरच्या काठात तो उजेड टिपणारे डोळे. बोट मध्ये आलं की उजेड अडतो. कुठला उभा आणि कुठला आडवा अडला, यावरून बोट कुठं आहे ते कळतं. "आणि सर, तिथं डोळ्यातच कुंकू गेलंय."

उद्घाटनाची पूजा! पाहुण्यांनी भक्तिभावानं काढलेल्या स्वस्तिकाचा एक पाय थेट काठाच्या आत उतरला होता. वर्षभर बिचारा बोर्ड डोळ्यांत कुंकू घेऊन शिकवत होता. मुलीनं ओढणीच्या टोकानं काठ हलकेच पुसला, आणि पट्टा जिवंत झाला. त्याच पाहुण्यांनी न पुसणाऱ्या शाईच्या पेनानं बोर्डावर 'शुभेच्छा' लिहून ठेवल्या होत्या, त्याही निघाल्या. त्या अक्षरांवर पुसट्या शाईच्या मार्करनं पुन्हा गिरवायचं आणि ओलं असतानाच फडक्यानं पुसायचं. नव्या शाईबरोबर जुनी निघून येते. माणसांच्या शुभेच्छांच्या बाबतीतही असं काही निघालं तर बरं होईल.

राहता राहिलं भूत. मी म्हटलं, "आणि ही पानं आपोआप कशी उलटतात?"

कोणी म्हणालं, पाल. ते खोटं नव्हतं. पावसाळ्यात उजेडाला किडे येतात, किड्यांना पाल येते, आणि पाल चौकटीत फिरली की बोर्डाला वाटतं गुरुजींचं बोट आलं. कोणी म्हणालं, खिडकीतलं ऊन. तेही खरं होतं, चौकटीवर थेट ऊन पडलं की ते डोळे दिपतात. हेडमास्तर म्हणाले, वायर. सॉकेट दाराशी, म्हणून लॅपटॉप दाराशी आणि तिथून फळ्यापर्यंत तीन तुकडे जोडलेली वायर, त्यातही एक उंदरानं चाखलेली. ही वायर साधी असली तर पाच मीटरच्या पलीकडं नीट निरोप पोचवत नाही. लॅपटॉप फळ्याजवळ आणला आणि निम्मी भुतं उतरली.

"पण एवढं सगळं तुला कसं ठाऊक?" मी मुलीला विचारलं.

तिनं हेडमास्तरांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "झाडायला किल्ली माझ्याकडं असती ना सर."

"मग?"

"झाडताना लागतोय कधी कधी. आपोआप."

सगळा वर्ग एकदम फुटला. झाडणाऱ्या पाच-सहा जणी माना खाली घालून हसत होत्या. हेडमास्तरांचा चेहरा तपासणीच्या दिवशी होतो तसा झाला. त्यांचा हात नकळत कमरेच्या किल्लीकडं गेला आणि तोंड उघडलं. ते काय बोलणार ते मला पाठ होतं. मीच शिकवलेलं होतं.

"आधी नकाशा होऊ द्या," मी म्हटलं, आणि पेन मुलीच्या हातात दिलं. "हं. रेणापूर दाखव."

तिनं रेणा नदी काढली, ती मांजरेला नेऊन मिळवली, आणि तिच्या काठाशी ठिपका दिला. बरोबर जागेवर. मग दुसरीनं नांदेड काढलं, तिसरीनं औरंगाबाद, आणि एका पोरानं हैदराबादकडं निघालेल्या फौजेचे बाण काढायला घेतले, ते त्याला थांबवावं लागेपर्यंत. मी तयारी करून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. बाण सोलापूरकडून नळदुर्गापर्यंत आला आणि वीज गेली.

प्रोजेक्टरचा पंखा 'घूं' करून थांबला. हेडमास्तर कळवळले. त्याच्या आतला दिवा भलताच तापतो, बंद केल्यावरही थोडा वेळ पंखा चालावा लागतो. वीजच गेली की दिवा स्वतःच्या उकाड्यात शिजतो, आणि असा दोन-चारदा शिजला की नव्या दिव्याला हजारांत पैसे मोजावे लागतात. निदान दिवा गार होईपर्यंत पुरेल एवढी बॅटरी मध्ये जोडावी, असं ठरलं. वर्गणी कोण गोळा करणार, यावर चर्चा चालू असताना तो पोरगा कोपऱ्यातला खडू घेऊन शेजारच्या काळ्या भिंतीवर गेला आणि उरलेली फौज त्यानं तिथून हैदराबादला पोचवली.

परवा हेडमास्तरांचा पुन्हा फोन आला. "सर, फळा परत बिघडलाय."

"आता काय?"

"वायर ओढून ओढून तुटली. पेनाचं टोक पार झिजून गेलंय. अन् चौकटीला कुणाच्या तरी बोटाचं तेल लागलंय, चिवड्याचं असावं." ते जरा थांबले. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. "आणि सर, किल्ली कुठाय तेच सापडंना गेलंय. कुणीतरी सकाळीच उघडून बसायलंय."

मी म्हटलं, "रजिस्टरात काय लिहिलंत?"

"अजून काहीच नाही. काय लिहू?"